पपई फुलते, मग फळत का नाही?

परसदारी पपई लावावी लागत नाही, ती उगवते. मोरीच्या कडेला, उकिरड्याशेजारी, कंपाउंडच्या भिंतीला खेटून कुठेतरी चार पानांचं रोप दिसतं. कुणीतरी म्हणतं, राहू द्या, पपई आहे. पावसाळा सरेपर्यंत ते कमरेएवढं होतं आणि पुढे कधीतरी त्याला फिकट पिवळ्या फुलांचे हातभर लांब तुरे लोंबायला लागतात. घरातल्या सगळ्यांच्या नजरा तिकडे लागतात. फुलं गळतात, नवे तुरे येतात, तेही गळतात. फळ मात्र एकही धरत नाही. शेजाऱ्यांच्या झाडाच्या बुंध्याला तेव्हाच दाटीवाटीनं फळं चिकटलेली असतात. मग सल्ले सुरू होतात. खोडात लोखंडी खिळा ठोका. शेंडा छाटा. बुंध्याशी मीठ घाला.

म्हसावदच्या शिवारात मात्र हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. हे म्हसावद नंदुरबार जिल्ह्यातलं. शहाद्याहून तोरणमाळकडे जाताना, सातपुड्याच्या पायथ्याशी लागतं ते. (जळगाव-पाचोरा लोहमार्गावरचं म्हसावद वेगळं, आणि साताऱ्याकडचं म्हसवड त्याहून वेगळं.) या पट्ट्यात ऊस, केळी, कापूस यांच्या जोडीला पपईच्या बागाच्या बागा उभ्या असतात. शहादा तालुका हे राज्यातलं पपईचं मोठं केंद्र आहे. हंगामात उत्तर भारतातले व्यापारी इथे येऊन राहतात, दरावरून शेतकरी आणि व्यापारी यांच्यात ताणाताणी होते, बाजार समितीत बैठका बसतात आणि गाड्या दिल्ली-राजस्थान-पंजाबकडे निघतात. या बागांमधून हिंडलं तर नुसते तुरे लोंबवणारं, फळाचं नाव न घेणारं झाड सहसा दिसत नाही. माती आपल्या परसातलीच, ऊन तेच, किंबहुना जास्तच कडक. फरक आहे तो बियाण्याचा.

पपईच्या बाबतीत बऱ्याच गोष्टी आपलं लक्ष जाण्याआधीच ठरून गेलेल्या असतात. झाड फळणार की नाही हे बियातच ठरतं. फळ गोड लागणार की नाही हे ते झाडावर असतानाच ठरतं. त्यानंतर आपल्या हाती फार थोडं उरतं, आणि बहुतेक घरगुती उपाय नेमके त्या थोड्याच्या पलीकडे केलेले असतात.

तीन तऱ्हांची झाडं

आंबा, पेरू, लिंबू यांच्या फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर बहुधा एकत्र नांदतात किंवा निदान एकाच झाडावर असतात, म्हणून आंब्याचं झाड नर की मादी असा प्रश्न आपल्याला पडत नाही. पपईत तो पडतो, आणि उत्तरं दोन नसून तीन आहेत.

नर झाडाची फुलं लांब, लोंबत्या, फाटे फुटलेल्या तुऱ्यांवर येतात. फुलं बारीक, नळीसारखी, मंद वासाची. त्यांच्यात पराग असतो, पण फळ बनवणारा बीजकोश नावापुरता. मादी झाडाची फुलं याच्या उलट: ठसठशीत, एकेकटी किंवा दोन-तीन, पानाच्या बेचक्यात खोडाला चिकटून येणारी. पाकळ्या बाजूला सारल्या तर आत हिरवट, गोलसर बीजकोश स्पष्ट दिसतो, पुंकेसर नसतात. तिसरं झाड उभयलिंगी. त्याचं फूल आकारानं दोहोंच्या मधलं, आत लांबट बीजकोश आणि त्याच्याभोवती पुंकेसर. हे झाड स्वतःच्याच परागावर फळतं, त्याला शेजार लागत नाही.

मादी झाडाला मात्र पराग बाहेरून यावा लागतो. तो आणण्याचं काम बरंचसं तिन्हीसांजेनंतर फिरणारे पतंग करतात. पराग नाही मिळाला तर मादीची फुलं बहुधा गळतात. क्वचित एखादं फळ परागावाचूनही वाढतं आणि ते कापल्यावर आत बी नसतं. बिनबियांच्या पपईचा चमत्कार म्हणून जे दाखवलं जातं, त्यामागे बऱ्याचदा एकटी पडलेली मादी असते.

मादीला नराचा शेजार लागतो, ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांपूर्वीच नोंदली गेली आहे. पपई मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. सोळाव्या शतकात ती इकडे आली. यान ह्युघेन फान लिन्सखोटेन हा डच माणूस १५८३ पासून काही वर्षं गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकुनी करत होता. १५९६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासग्रंथात पपईचा उल्लेख येतो. स्पॅनिश अमलाखालच्या मुलखातून हे फळ फिलिपिन्समार्गे मलाक्काला आणि तिथून हिंदुस्थानात आलं, असं तो सांगतो. पुढे हेही सांगतो की नर झाडाला फळ येत नाही, फक्त मादीला येतं, आणि दोघांना एकमेकांपासून दूर लावलं तर काहीच येत नाही. फुलाच्या आत काय चालतं याचं शास्त्र तेव्हा युरोपातही धड जन्मलेलं नव्हतं. गोव्याच्या बागा राखणाऱ्या माणसांना हे माहीत असणार आणि त्यांच्याकडून ते या कारकुनाच्या कानी गेलं असणार, असं मला वाटतं.

बियात काय ठरतं

प्रत्येक पेशीत गुणसूत्रं नावाच्या जोड्या असतात. आई आणि बाप यांच्याकडून आलेल्या सूचना त्यांवर असतात. पपईत अशा नऊ जोड्या आहेत. त्यांतली एक जोडी झाडाचं लिंग ठरवते. माणसाप्रमाणेच इथेही एक्स आणि वाय असे दोन प्रकार. दोन्ही एक्स आले तर मादी. एक एक्स आणि एक वाय आलं तर नर. इथवर ओळखीचं आहे. पण पपईत वायचे पुन्हा दोन प्रकार आहेत. एकानं नर होतो, दुसऱ्यानं उभयलिंगी. हे दोन वाय एकमेकांशी इतके मिळतेजुळते आहेत की ते वेगळे होऊन अवघी काही हजार वर्षं झाली असावीत, असं संशोधक मानतात. म्हणजे उभयलिंगी पपई हा बहुधा माणसानं पपई लागवडीखाली आणताना निवडून राखलेला प्रकार आहे.

आता यातली खुबी. कुठल्याही प्रकारचे दोन वाय एका बियात एकत्र आले की त्यातला गर्भ जगतच नाही. त्यामुळे नेहमीचा हिशेब बिघडतो. उभयलिंगी झाडाचं स्वतःच्याच परागानं झालेलं फळ घेतलं, तर त्यात चार शक्यता असतात: एक एक्स-एक्स, दोन एक्स-वाय आणि एक वाय-वाय. चौथी मरते. उरलेल्या तीनांत दोन उभयलिंगी आणि एक मादी. नर एकही नाही.

हे प्रमाण १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत होफमायर आणि हवाईत स्टोरी या दोघांनी स्वतंत्रपणे, रोपं लावून, फुलं येईपर्यंत थांबून आणि झाडं मोजून काढलं. प्रत्यक्ष गुणसूत्रावरचा तो तुकडा दिसायला पुढे साठेक वर्षं गेली. २००४ मध्ये रे मिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात पपईच्या वाय गुणसूत्राचं वर्णन केलं. २००८ मध्ये पपईचा सगळा जनुकसंच वाचून झाला. त्या कामात पुढे असलेले मकसुदूल आलम हे मूळचे बांगलादेशी. पुढे त्यांनीच तागाचा जनुकसंच वाचला.

म्हसावदच्या बागांमधलं गुपित इथे उलगडतं. या भागात 'तैवान ७८६' या नावानं ओळखलं जाणारं संकरित वाण वर्षानुवर्षं लावलं जातं. त्याच्या बियांतून उभयलिंगी आणि मादी एवढीच झाडं निघतात, आणि दोन्ही फळतात. उभयलिंगी झाडांचा पराग मादीच्याही कामी येतो. जुनी वॉशिंग्टनसारखी वाणं अशी नव्हती. त्यांत नर आणि मादी निम्मेनिम्मे. म्हणून जुन्या बागाईतदारांची रीत होती की एका खड्ड्यात तीन रोपं लावायची, फुलं दिसली की ओळखायची आणि नको ती उपटायची. हिशेब सोपा आहे. प्रत्येक रोप नर असण्याची शक्यता निम्मी, तर तिन्ही नर निघण्याची शक्यता आठांत एक. आठांपैकी सात खड्ड्यांत मादी मिळणारच. दहा-बारा माद्यांमागे एक नर मुद्दाम राखायचा, बाकीच्यांची गच्छंती.

> चौकट: कुणाचं बी लावलं तर काय निघेल?
>
> मादीचं फळ, नराचा पराग: निम्मी झाडं नर, निम्मी मादी. गावठी पपईच्या बाबतीत हेच घडतं.
>
> उभयलिंगी झाडाचं फळ, स्वतःचाच पराग: दर तीन झाडांत दोन उभयलिंगी, एक मादी. नर नाही.
>
> मादीचं फळ, उभयलिंगी झाडाचा पराग: निम्मी मादी, निम्मी उभयलिंगी. इथेही नर नाही.
>
> उभयलिंगी झाडाचं फळ, नराचा पराग: तिन्ही प्रकार सारखेच.

म्हणजे घरी लावण्यासाठी बी घ्यायचं असेल तर बाजारातली लांबट, भरल्या अंगाची पपई बरी. ती उभयलिंगी झाडाची असते, आणि मोठ्या बागेतून आली असेल तर आसपास नर असण्याची शक्यता कमी. गोल फळ मादीचं. त्याचा बाप कोण हे फळ पाहून कळत नाही. उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या पपईच्या बाबतीत तर आईबाप दोन्ही अज्ञात. संकरित फळाचं बी लावलं की पुढच्या पिढीत फळाचा आकार, गोडी, उंची झाडागणिक बदलते, हे मात्र धरून चालायचं. शेतकरी दरवर्षी महागडी रोपं विकत घेतो ते त्यासाठीच. परसात एक-दोन झाडांसाठी एवढी अनिश्चितता परवडते.

बी लावताना त्याभोवतीचं बुळबुळीत आवरण राखेत चोळून काढावं आणि बी सावलीत वाळवावं. त्या आवरणात अंकुर रोखून धरणारी द्रव्यं असतात. बियाचा रंग, मुळाचा आकार, पानांची ठेवण यांवरून नर-मादी ओळखण्याच्या ज्या युक्त्या सांगितल्या जातात त्यांचा भरवसा धरू नये. प्रयोगशाळेत पानाच्या तुकड्यावरून ते ओळखता येतं, आपल्याला मात्र पहिल्या कळीची वाट पाहावी लागते.

खिळा ठोकल्यावर फळ येतं ते कसं?

तरीही खिळा ठोकल्यावर फळ आल्याचं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ते खोटं बोलत नसतात. मादी झाड जन्मभर मादीच राहतं, पण नर आणि उभयलिंगी झाडं हवामानाप्रमाणे थोडी इकडेतिकडे सरकतात. नराच्या तुऱ्याच्या टोकाला, विशेषतः हवा गारठली की, एखाद्या फुलात बीजकोश भरतो आणि लांब देठाला लोंबणारं लहानसं फळ दिसतं. खिळा साधारण ठोकला जातो तो फळाची वाट पाहून कंटाळल्यावर, म्हणजे झाड चांगलं मोठं झाल्यावर. पुढच्या दोन-चार महिन्यांत ऋतू बदलतो, काही नरांना चार फळं येतात आणि श्रेय लोखंडाला जातं. ज्यांच्या झाडाला काहीच आलं नाही ते गोष्ट सांगत बसत नाहीत. शेंडा छाटण्याचंही तसंच. छाटल्यावर नवे फुटवे येतात, त्यांवर फुलं येईपर्यंत हवा पालटलेली असते.

खिळ्यानं झालं तर नुकसानच होतं. पपईचं खोड लाकडाचं नसतं. ते पोकळसर, मऊ, पाण्यानं भरलेलं असतं. जखमेतून बुरशी शिरली की झाड बसतं. माझं विचाराल तर नर झाड ओळखू आल्यावर ते सरळ काढावं आणि त्या जागी नवं लावावं. पपई वर्षभरात फळावर येते, तिच्यापुढे हातोडी घेऊन उभं राहण्याइतकी ती दुर्मीळ नाही.

खोडावरची मोकळी जागा

उभयलिंगी झाडाची हवामानाबरोबरची ही सरकासरक शहाद्याच्या शेतकऱ्याला चांगलीच महागात पडू शकते. या भागात लागवड उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. कोवळी रोपं करपू नयेत म्हणून शेतकरी प्रत्येक रोपावर पांढऱ्या कापडाचं आच्छादन घालतात, ज्याला सगळे क्रॉप कव्हरच म्हणतात. ठिबकची नळी बुंध्याशी असतेच.

रोपं वाचली तरी मोठ्या झाडांवर उन्हाचा दुसरा परिणाम होतो. कडक ऊन आणि त्यात पाण्याचा ताण पडला की उभयलिंगी फुलातला बीजकोश आखडतो. फूल उमलतं, पण ते कामापुरतं नर झालेलं असतं, त्यामुळे गळून जातं. फुलाचं हे भवितव्य ते उमलण्याच्या महिना-दीड महिना आधी, कळी डोळ्यांना दिसण्यापूर्वीच ठरतं. त्यामुळे मेमधल्या उन्हाचा फटका जून-जुलैमध्ये, छान पाऊस सुरू झाल्यावर दिसतो आणि माणूस चक्रावतो: आता तर हवा गार आहे, मग फुलं का गळताहेत?

पपईच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात फुलाची एक जागा असते आणि झाड खालून वर वाढत जातं. म्हणून खोडावर खाली फळं, मध्ये वीतभर रिकामं खोड आणि पुन्हा वर फळं असं दृश्य दिसतं. ती रिकामी वीत म्हणजे त्या वर्षीचा उन्हाळा. थंडीत, फार ओल आणि फार नत्र मिळाल्यावर याच्या उलट गडबड होते. पुंकेसर बीजकोशाला चिकटून वाढतात आणि फळ वेडंवाकडं, खाचाखुणांचं निघतं. खायला ते ठीक असतं, विकायला नाही. मादी झाडांना यांतलं काहीच होत नाही. एवढी भरवशाची असूनही बाजार तिला दुय्यम मानतो, कारण तिचं फळ गोल, आतली पोकळी मोठी आणि गराची भिंत पातळ. पेटीत आणि गाडीत लांबट फळं नीट बसतात. घरी खाणाऱ्यानं गोल फळाला नाक मुरडण्याचं कारण नाही. गोडीत ते कमी नसतं आणि बऱ्याचदा स्वस्त मिळतं.

परसातल्या झाडाच्या मुळावर उठणाऱ्या आणखी दोनच गोष्टी सांगतो. मोरीचं सांडपाणी हे पपईचं अन्न आहे असा आपल्याकडे गैरसमज आहे. पपईच्या मुळांना हवा लागते. दोन दिवस बुंध्याशी पाणी तुंबलं तर मुळं कुजायला लागतात आणि झाड पिवळं पडून कोलमडतं. उंचवट्यावर लावावं. दुसरी गोष्ट विषाणूची. पानं चितकबरी होणं, नवी पानं आक्रसून दोरीसारखी होणं, फळावर गोल वलयं उठणं ही त्याची लक्षणं. मावा ही बारीक कीड एका झाडावर तोंड लावून दुसऱ्यावर बसते आणि काही क्षणांत रोग पोचवते. त्यावर औषध नाही, झाड उपटून टाकणं एवढंच. काकडी-भोपळ्याच्या वेलांवरही त्या विषाणूची वस्ती असते, तेव्हा पपईच्या खोडावर दुधीचा वेल चढवण्याचा मोह आवरावा.

गोडी कुठून येते

आता बाजारातला प्रश्न. हिरवी पपई आणली, कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्याजवळ ठेवली, चार दिवसांत ती पिवळीधमक आणि मऊ झाली. कापली तर रंगही सुरेख. आणि चव भोपळ्याची. केळ्याच्या बाबतीत असं होत नाही, हिरवा घड घरात पिकून गोड होतो. मग पपईच का दगा देते?

केळं निघताना शिदोरी बांधून निघतं, पपई रिकाम्या हातानं निघते. हिरव्या केळ्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, भरपूर असतं. पिकताना त्या पिष्टाची साखर होते. आंब्याचंही तेच. पपईच्या गरात पिष्ट जवळपास नसतंच. तिच्यातली साखर पानांनी उन्हात तयार केलेली आणि देठातून आलेली असते, आणि ती येते बरीचशी अखेरच्या काही आठवड्यांत. फूल उमलल्यापासून फळ पिकायला चारेक महिने, थंडीत त्याहूनही जास्त लागतात. साखर भरण्याआधी देठ तोडला की पुरवठा तिथेच संपतो. त्यानंतर फळ मऊ होईल, पिवळं होईल, वासही सुटेल, पण गोडी वाढणार नाही.

मऊपणा आणि रंग यांचा कारभारी वेगळा आहे. इथिलीन नावाचा वायू फळ स्वतःच सोडतं. त्याच्या इशाऱ्यावर सालीतलं हरितद्रव्य मोडतं आणि गराच्या पेशींना जोडणारं द्रव्य विरघळतं. कागदात गुंडाळल्यानं हा वायू फळाभोवती टिकतो, म्हणून फळ लवकर आणि सारखं पिकतं. व्यापाऱ्याच्या पिकवणखोलीत हाच वायू सोडतात. तो कायद्यानं चालतो, ठरावीक मर्यादेत. कॅल्शियम कार्बाइडला मात्र बंदी आहे, कारण त्यातून निघणाऱ्या वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसची घातक संयुगंही येऊ शकतात. यांतला कुठलाच उपाय साखर घालू शकत नाही.

शहाद्याचं फळ शेकडो किलोमीटर लांबच्या मंडीत जाणार असतं. ते पिकून तोडलं तर वाटेतच लगदा होईल, म्हणून तोड लवकर होते. किती लवकर, यावर सगळी चव अवलंबून. पिकायला लागलेल्या पपईची पहिली खूण तिच्या खालच्या टोकाशी, देठाच्या विरुद्ध बाजूला दिसते. तिथे सालीवर एक पिवळी रेघ उमटते. ही रेघ उमटल्यावर तोडलेलं फळ घरी नीट पिकतं. त्याआधी तोडलेलं भाजीच्याच लायकीचं. घ्यायला जाल तेव्हा फळ उलटं करून टोक पाहा. सगळीकडून एकसारखं पिवळं पण दगडासारखं टणक फळ मी घेत नाही.

गराच्या लाल रंगावर भाळू नये. तांबडा गर लायकोपीन या रंगद्रव्यामुळे होतो, टोमॅटोत असतं तेच. पिवळ्या गरात त्याचं पुढचं रूप असतं. दोहोंचा साखरेशी संबंध नाही. आणि न पिकलेली पपई फ्रिजमध्ये टाकू नये. दहा अंशांच्या खालच्या गारठ्यात तिच्या पेशींची पिकण्याची यंत्रणाच बिघडते. साल खड्डे पडल्यासारखी होते आणि बाहेर काढल्यावरही ती धड पिकत नाही. पूर्ण पिकलेली पपई चार-पाच दिवस फ्रिजमध्ये राहू शकते.

चिकाची करामत

कच्च्या पपईला नख लावलं की पांढरा चीक येतो. तोड करणाऱ्या मजुरांच्या हाताची कातडी त्यानं सोलवटते, डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते. त्या चिकात पपेन नावाचं विकर आहे. विकर म्हणजे एखादी रासायनिक क्रिया झपाट्यानं घडवून आणणारं प्रथिन. पपेन इतर प्रथिनांच्या लांब साखळ्यांचे तुकडे करतं.

मटणाला कच्च्या पपईचा गर चोळतात तो यासाठीच. तासन् तास मुरवून ठेवलं की जास्त चांगलं, हा समज अर्धाच खरा. गारठ्यात पपेन सुस्त असतं. ते जोमानं काम करतं साठ-सत्तर अंशांना, म्हणजे पातेलं चुलीवर चढल्यावर, मटण तापत असताना. उकळी फुटल्यावर त्याचा जोर संपतो. म्हणून मंद आचेवर हळूहळू तापवलेलं मटण जास्त मऊ होतं. गर जास्त घातला तर मात्र बाहेरची बाजू पिठूळ होते आणि आतला तुकडा तसाच राहतो. किलोभर मटणाला दोन चमचे किसलेली पपई पुरे.

फळ पिकत जातं तसा चीक कमी होतो, पण पुरता संपत नाही. पपईचा मिल्कशेक करून ठेवला की तासाभरात कडवट लागतो, कारण उरलंसुरलं पपेन दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि त्यांतले काही तुकडे चवीला कडू असतात. शेक करावा आणि लगेच प्यावा. जिलेटिन घालून केलेली पपईची जेली बसत नाही तीही याच कारणानं: जिलेटिन हे प्रथिन आहे. चायना ग्रास हे प्रथिन नाही, ते वापरलं की जेली झकास बसते.

गरोदर बाईला पपई देऊ नये असं घरोघरी सांगतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांच्या गर्भाशयाच्या स्नायूंवर पपईचा कच्चा चीक टाकल्यावर ते आकुंचन पावले, पिकलेल्या पपईच्या रसानं तसं झालं नाही. उंदरांवरून माणसाचा निवाडा होत नाही, पण कच्ची किंवा अर्धवट पिकलेली पपई त्या काळात टाळण्याला आधार आहे. बाकी डॉक्टरांना विचारावं.

कच्च्या पपईचा एक उपयोग तर आपण न ओळखताच चाखत असतो. केकमध्ये, आइस्क्रीमवर, पानात येणारी लाल-हिरवी टुटीफ्रुटी म्हणजे बहुतेक वेळा पाकात शिजवून रंगवलेले कच्च्या पपईचे तुकडे.

बी फेकण्याआधी

पपईचं बी चावलं तर जिभेला झणका बसतो. मोहरी आणि मुळ्याचा तिखटपणा ज्या जातीच्या गंधकी संयुगांमुळे येतो, त्याच जातीचं संयुग इथेही आहे. बी न फुटता ते तयार होत नाही. चावल्यावर किंवा कुटल्यावर आतली दोन द्रव्यं एकत्र येतात तेव्हाच होतं. मोहरीही अख्खी असताना मुकी असते, फेसल्यावर नाकात जाते, ते यामुळेच.

वाळलेलं हे बी काळं, सुरकुतलेलं आणि मिऱ्याएवढं असतं, त्यामुळे महागड्या काळ्या मिऱ्यांत ते मिसळण्याची लबाडी जुनी आहे. तपासणं सोपं आहे. सुट्या आणलेल्या मिऱ्यांतली मूठभर पाण्याच्या पेल्यात टाकावी. भरीव मिरी तळाशी बसते, पपईचं बी तरंगतं. तरंगलेल्यांत पोकळ, हलकी मिरीही असू शकते, म्हणून ते दाणे काढून चिमटीत फोडावेत. पपईचं बी अंडाकृती, हिरवट-तपकिरी झाक असलेलं निघतं आणि त्याला मिऱ्याचा वास नसतो. असे दाणे सापडले तर पुडी दुकानदाराला परत द्यावी. पुढच्या खेपेला मिरी अख्खीच घ्यावी, कारण कुटलेल्या पुडीत ही परीक्षा करता येत नाही.